छातीत दुखणे (रुग्णालयात दाखल रुग्णांमधील)

दुसऱ्या आजारासाठी दाखल असलेल्या रुग्णाच्या छातीत नव्याने उद्भवणारी वेदना. तिचा उगम हृदय, फुप्फुसे, महाधमनी, अन्ननलिका, बरगड्या, स्नायू किंवा नसा यांपैकी कशातही असू शकतो. पित्ताशय व स्वादुपिंडाचे दुखणेही कधी छातीत जाणवते. आतल्या अवयवांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळच्या भागांत पोहोचतात, त्यामुळे दुखण्याच्या जागेवरून कारण ओळखणे अवघड जाते. दाखल रुग्णाच्या बाबतीत मात्र एक जास्तीचा पुरावा हाताशी असतो, तो म्हणजे केसपेपर. वेदनेच्या वर्णनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व गेल्या काही दिवसांत रुग्णावर काय उपचार झाले याला द्यावे लागते.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्या रुग्णाला अचानक धाप लागली आणि खोल श्वास घेताना छातीत कळ आली, तर पायाच्या नीलेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय घ्यावा लागतो. या गुठळ्यांचा प्रवास रूडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच उलगडला होता. मानेच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या नीलेत सेंट्रल लाइन घातल्यावर फुप्फुसाभोवती हवा साचू शकते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला छिद्र पडणे विरळ, पण जिवावर बेतणारे असते. डॉक्सिसायक्लीनसारखी गोळी आडवे पडून घोटभर पाण्याबरोबर घेतली, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. हृदयशस्त्रक्रियेनंतरचा हृदयावरणदाह पुढे वाकल्यावर सुसह्य होतो. रक्तस्राव, जंतुदोष किंवा अतिजलद ठोके यांमुळे नवी गुठळी न होताही हृदयस्नायूला रक्त अपुरे पडते. तेथे मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

केसपेपरातला इतिहास शोधण्यात वेळ जाईल, त्यापेक्षा हृदयविकाराचा झटका गृहीत धरून उपचार सुरू करावेत, असा आक्षेप घेतला जातो. त्यातली घाई रास्त आहे. म्हणूनच इसीजी 10 मिनिटांत काढतात आणि हृदयस्नायूची इजा दाखवणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात. पण पहिला इसीजी निर्दोष असूनही झटका असू शकतो, आणि मूत्रपिंडविकार, जंतुदोष किंवा फुप्फुसातली गुठळी यांतही ट्रोपोनिन वाढते. गुठळीचा संकेत देणारे डी-डायमर शस्त्रक्रियेनंतर वाढलेलेच असते. आकड्यांचा अर्थ लावायला पुन्हा इतिहासच लागतो. शिवाय महाधमनीचा थर फाटला असताना रक्त पातळ करणारे औषध दिले, तर ते जीवघेणे ठरू शकते. औषधाने वेदना थांबली म्हणजे निदान झाले, हेही खरे नाही. नायट्रोग्लिसरीनने अन्ननलिकेचा पेटकाही सैल होतो. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघते, हा युक्तिवाद आकडेवारीत बसत असला तरी तपासणीचा क्रम धोक्यावरून ठरतो, वारंवारतेवरून नव्हे. मानसिक ताण हे निदान त्यामुळे सर्वांत शेवटी येते.

या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांच्या प्रभावाखाली, तसेच मधुमेहात, झटका अनेकदा वेदनेविना येतो. म्हणून वॉर्डात अचानक लागलेली धाप, घाम किंवा उतरलेला रक्तदाब यांची दखल छातीतील वेदनेइतक्याच तातडीने घ्यावी लागते.