टॅब्लेटची नवी आवृत्ति : घ्यावी कीं न घ्यावी?

टॅब्लेटच्या पडद्यावर नवी आवृत्ति तयार असल्याची सूचना उमटली कीं आमच्या घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी तत्काळ 'होय' म्हणून मोकळी होतात. माझ्या वयाचीं माणसें 'चाललें आहे तें चालूं द्या' असें म्हणून 'नंतर' या शब्दावर बोट ठेवतात. हा भेद निव्वळ वयाचा, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. परंतु या यंत्रांचा उण्यापुऱ्या पंधरा वर्षांचा इतिहास चाळला तेव्हां दोन्ही पक्षांच्या पदरीं सबळ पुरावा असल्याचें दिसून आलें. आणि तो एकाच यंत्राच्या एकाच वर्षाच्या हकीकतींत सांपडावा, हें विशेष.

तें यंत्र म्हणजे ॲपल कंपनीचा 'आयपॅड २'. मार्च २०११ मध्यें तो बाजारांत आला तेव्हां आयओएस, म्हणजे यंत्राचा सारा कारभार चालविणारी आज्ञावली, ४.३ या आवृत्तीची होती. त्या वेळीं नवी आवृत्ति हवी असल्यास टॅब्लेट तारेनें संगणकाला जोडावा लागे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आयओएस ५ आली आणि तारेची गरज सरली. पूर्वीं माणूस आवृत्तीकडे जाई. आतां आवृत्तीच दारीं येऊन कडी वाजवूं लागली.

२१ मार्च २०१६ रोजीं ९.३ ही आवृत्ति निघाली. ती बसवितांच पुष्कळ जुने टॅब्लेट सुरूच होईनात. यंत्र प्रथम ज्या खात्यावर सुरू केलें होतें त्याचें नांव व पासवर्ड पुन्हां द्या, असा त्यांचा हट्ट. पांच वर्षांपूर्वींचा पासवर्ड कोणाच्या ध्यानांत राहणार? काल रात्रीपर्यंत नातवंडांचीं छायाचित्रें दाखविणारें यंत्र सकाळीं कांचेची निरुपयोगी पाटी होऊन बसलें. कंपनीला जुन्या यंत्रांपुरती ती आवृत्ति मागें घेऊन दुरुस्त प्रत काढावी लागली. 'नंतर' म्हणणारे शहाणे ठरले.

पण पांच महिन्यांनीं फांसा उलटा पडला. १० ऑगस्ट २०१६ रोजीं संयुक्त अरब अमिरातींतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एक संदेश आला. तुरुंगांतील छळाचीं नवीं रहस्यें सोबतच्या दुव्यावर वाचावयास मिळतील, अशी त्यांत लालूच होती. मन्सूर यांनीं दुव्याला बोट लाविलें नाहीं. संदेश टोरोंटो येथील सिटिझन लॅब या संशोधनसंस्थेकडे धाडला. तपासांत इस्रायलमधील एनएसओ या कंपनीचें 'पेगॅसस' हें हेरगिरीचें साधन उघडकीस आलें. आयओएसमधील तीन अज्ञात भगदाडांतून तें आंत शिरत असे. दुवा एकदां उघडला कीं पत्रव्यवहार, संभाषण, सर्व कांहीं परक्याच्या हातीं. तीं भगदाडें बुजविणारी ९.३.५ ही आवृत्ति २५ ऑगस्ट रोजीं निघाली, आणि ती आयपॅड २ लाही लागू होती. मार्चमध्यें दुधानें तोंड पोळलेला जो गृहस्थ आतां ताकही फुंकून पिऊं लागला, त्याचें दार मात्र उघडेंच राहिलें.

तेव्हां भित्र्यांना अडाणी म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. दुरुस्ती आणि नवलाई हीं दोन वेगळीं कामें एकाच पुडक्यांत बांधून दिलीं जातात, हें खरें दुखणें. शिवाय ॲपल कांहीं दिवसांनीं जुन्या आवृत्तीला मान्यता देणें बंद करते. मग मागें फिरण्याची वाटच राहत नाहीं. घराला गिलावा करण्यासाठीं बोलाविलेल्या गवंड्यानें भिंतीही हलवाव्या, आणि पूर्ववत् करण्यास नकार द्यावा, तसा हा प्रकार.

हीं कामें वेगळीं करण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नव्हे. २०२१ मध्यें पंधरावी आवृत्ति आली तेव्हां चौदावीवरच राहून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा ॲपलनें दिली; जानेवारी २०२२ मध्यें ती सोय तात्पुरतीच होती असें सांगून काढून घेतली. पुढें मे २०२३ मध्यें सुरक्षेपुरत्या छोट्या दुरुस्त्या स्वतंत्रपणें धाडण्याचा उपक्रम निघाला. त्याच जुलैंतील अशा एका दुरुस्तीनें कांहीं संकेतस्थळें नीट दिसेनात. गोंधळ झालाच, पण या वेळीं ती दुरुस्ती काढून टाकण्याची सोय यंत्रांतच होती, आणि दोन दिवसांत सुधारलेली प्रत आली. २०१६ च्या मार्चमध्यें एवढी सोय असती तर किती घरांतील चडफड वांचली असती!

माझ्यापुरतें म्हणावयाचें तर सुरक्षेची दुरुस्ती मी त्याच रात्रीं बसवितों. मोठ्या आवृत्तीला महिनाभर ताटकळत ठेवितों, आणि बसविण्यापूर्वीं छायाचित्रांची प्रत दुसरीकडे काढून घेतों. पासवर्ड मात्र, मुलांच्या थट्टेची पर्वा न करतां, एका वहींत लिहून ती वही कपाटांत कुलपाखालीं ठेविली आहे.