करोल बागेतील सर्पगंधा

दिल्लीच्या करोल बागेत अजमल खान मार्ग आहे. लग्नसराईच्या खरेदीसाठी तेथे लोटणाऱ्या गर्दीला हे अजमल खान कोण, याची चौकशी करण्यास सवड नसते. ते दिल्लीतील नामांकित हकिमांच्या घराण्यातले. राष्ट्रीय सभेच्या १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते.

देशी वैद्यकाचे शिक्षण पद्धतशीर मिळावे म्हणून त्यांनी करोल बागेत तिब्बिया महाविद्यालय उभारले. १९१६ साली त्याची कोनशिला बसली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झाले. अशा समारंभात गौरवपर भाषण व्हावयाचे. गांधीजींनी मात्र आधुनिक शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीची वाखाणणी केली, आणि वैद्य-हकिमांत ती दिसत नाही, ते जुने पाठ निमूटपणे गिरवितात, असे यजमानांनाच ऐकविले.

हे बोलणे ऐकावयास सोपे, आचरणात आणावयास कठीण. घराण्याचे औषध प्रयोगशाळेत पाठवावे आणि तेथे ते निरुपयोगी ठरले, तर पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई एका दिवसात जावयाची! हकीमसाहेबांनी ही जोखीम पत्करली. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला त्यांनीच या कामाकडे वळविले. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब निवर्तले. पुढल्याच वर्षी तिब्बियात सिद्दीकींची संशोधनशाळा सुरू झाली.

तेथे सर्पगंधेचे मूळ अभ्यासास घेतले गेले. वेड, निद्रानाश यांवर ते देशी वैद्यकात फार पूर्वीपासून दिले जाई. १९३१ साली त्यातून वेगळ्या काढलेल्या एका द्रव्याला सिद्दीकींनी ‘अजमलीन’ हे नाव दिले. हृदयाचे ठोके अनियमित पडण्यावर ते पुढे औषध ठरले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो, असे नमूद केले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यानंतर अमेरिकेतील डॉक्टरही या मुळाची परीक्षा घेऊ लागले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपिन वेगळे केले.

मग या शोधाचा कर्ता कोण? शोधाची कथा सांगताना आपण एक नाव आणि एक साल हुडकतो. वीज चमकावी तसा तो कुणाच्या तरी डोक्यात चमकला असावा, असे आपणांस वाटते. येथे मूळ जुनेच होते आणि त्याचा गुणही ठाऊक होता. उणीव होती ती ठाऊक असलेल्या गोष्टीला पुन्हा प्रश्न विचारण्याची. उलट, सहस्रावधी वनस्पतींतून नेमके हेच मूळ उचलावे, हे एकट्या प्रयोगशाळेस कसे सुचावे? वारसा आणि शंका एका छपराखाली नांदल्या, तेव्हा काम पुढे गेले.

त्या द्रव्याला सिद्दीकींना स्वतःचे नाव देता आले असते. त्यांनी दिले ते घराण्याची विद्या परीक्षेला बसविणाऱ्या हकिमाचे.