जराचिकित्सा शिक्षण
वृद्धांच्या आजारांचे निदान, उपचार व पुनर्वसन यांचे डॉक्टर आणि परिचारिकांना दिले जाणारे प्रशिक्षण. इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत जराचिकित्सा या स्वतंत्र शाखेची मांडणी केली. ब्रिटनमध्ये मार्जोरी वॉरेन यांनी १९४० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय शिकविण्याचा आग्रह धरला. वार्धक्यात अनेक व्याधी एकत्र येतात आणि त्यांची लक्षणे वेगळी दिसतात. म्हणून स्मृतिभ्रंश, तोल जाऊन पडणे, एकाच वेळी घेतली जाणारी अनेक औषधे आणि रुग्णाचे सर्वंकष मूल्यमापन यांवर अभ्यासक्रमात भर असतो. भारतात या विषयाचा एम. डी. अभ्यासक्रम १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाला. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्रशिक्षणासाठी प्रादेशिक केंद्रे ठरविण्यात आली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक आहे.