गीझरची पायलट ज्योत वारंवार का विझते?

थंडीचे दिवस सुरू झाले, की गॅस गीझरविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते. पेटवलेली पायलट ज्योत थोड्याच वेळात विझते. पुन्हा पेटवावी, तर पुन्हा विझते. अनेकदा प्रयत्न करून कंटाळलेली मंडळी मग मेकॅनिकला बोलावतात किंवा गीझरचे बटण कशाने तरी दाबून ठेवण्याची युक्ती शोधतात. यातील दुसरा मार्ग जिवावर बेतू शकतो. कारण ज्योत विझणे हा प्रत्येक वेळी बिघाडच असतो असे नाही. अनेकदा तो गीझरने दिलेला इशारा असतो.

मुख्य बर्नरच्या शेजारी सतत तेवत राहणारी छोटी ज्योत म्हणजे पायलट. गरम पाण्याचा नळ सोडला, की मुख्य बर्नरकडे गॅस जाऊ लागतो आणि या ज्योतीवर तो पेट घेतो. अलीकडच्या बहुतेक गीझरमध्ये बॅटरीच्या ठिणगीने बर्नर थेट पेटतो. जुन्या गीझरमध्ये, तसेच थंड देशांत घरे उबदार ठेवणाऱ्या जुन्या बॉयलरमध्ये मात्र पायलटचीच पद्धत आहे.

ज्योतीचा पहारेकरी

पायलटच्या टोकाशी थर्मोकपल नावाची धातूची बारीक कांडी असते. दोन भिन्न धातूंचा सांधा तापवला, की विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हा परिणाम प्रथम पाहिला. गीझरमधील थर्मोकपल सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट एवढाच दाब देते. परंतु त्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, की कांडी थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि साधारण मिनिटभरात झडप बंद होते. न जळलेला गॅस घरात पसरू नये, यासाठीच ही योजना असते.

ज्योत विझते केव्हा?

ज्योत नेमकी कोणत्या क्षणी विझते, यावरून कारणाचा बराचसा अंदाज येतो.

बटणावरचे बोट काढताच ज्योत विझत असेल, तर संशय थर्मोकपलवर जातो. त्याच्या टोकावर काजळी साचलेली असते, ते ज्योतीपासून सरकलेले असते, त्याची जोडणी सैल झालेली असते किंवा ते वापराने निकामी झालेले असते. मात्र पेटवताना बटण तीस सेकंदांपर्यंत दाबून धरावे लागते, हे आधी लक्षात घ्यावे.

ज्योत मुळातच बारीक आणि लुकलुकणारी असेल, तर पायलटच्या सूक्ष्म छिद्रात धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असू शकते. अनेक महिने बंद राहिलेल्या गीझरमध्ये हे विशेष आढळते.

मुख्य बर्नर पेटताच पायलट विझत असेल, तर गॅसचा दाब अपुरा असण्याची शक्यता अधिक. रेग्युलेटर सदोष असणे, रबरी नळी मुडपलेली असणे किंवा सिलिंडर संपत येणे ही त्याची कारणे आहेत. नाशिक-निफाडकडील कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधील द्रवाचे वायूत रूपांतर मंदावते, त्यामुळेही दाब घटतो. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलेल्या घरांत गीझरचे जेट बदलून घेतले आहेत का, हेही तपासावे लागते. दोन्ही इंधनांसाठी छिद्रांचे माप वेगळे असते.

सर्वांत गंभीर कारण

दार-खिडकी बंद करून स्नान सुरू केल्यानंतर काही मिनिटांनी ज्योत विझत असेल, तर मात्र तात्काळ सावध व्हावे. एक भाग एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. लहान, बंद स्नानगृहात ती झपाट्याने अपुरी पडते. काही उपकरणांतील पायलटची रचनाच अशी असते, की हवेतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास घसरला, की ज्योत थर्मोकपलपासून दूर सरकते आणि गॅस बंद होतो. सर्वच गीझरमध्ये अशी सोय नसते. त्यामुळे ज्योत तेवत आहे म्हणजे हवा चांगली आहे, असे मानता येत नाही.

हवा अपुरी पडली, की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे जाणवेपर्यंत दार उघडण्याचीही शक्ती उरत नाही. राज्यातील शहरांमध्ये स्नानगृहातील असे मृत्यू घडलेले आहेत. निळ्याऐवजी पिवळी ज्योत आणि गीझरवर साचणारी काजळी ही अर्धवट ज्वलनाची लक्षणे होत.

काय करावे, काय टाळावे

ज्योत विझल्यावर लगेच काडी ओढू नये. गॅस बंद करून, खिडकी उघडून किमान पाच मिनिटे थांबावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येत असल्यास विजेची बटणे चालू-बंद करू नयेत. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे.

थर्मोकपलला बगल देऊन झडप कायम उघडी ठेवण्याची ‘दुरुस्ती’ कोणी सुचवल्यास ती ठामपणे नाकारावी. गीझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी बसवावा. तो आतच असेल, तर पाणी आधी बादलीत भरून, गीझर बंद करून आणि हवा खेळू देऊन मगच स्नान करावे. थंडी सुरू होण्यापूर्वी दरवर्षी अधिकृत तंत्रज्ञाकडून बर्नर, पायलट आणि थर्मोकपलची तपासणी करून घ्यावी. एवढे करूनही ज्योत विझतच राहिली, तर कारण सापडेपर्यंत गीझर बंद ठेवावा.