मोडीतून वाचलेली भांडी

भांडे झिजले की ते मोडीत घालावे, वर काही पैसे द्यावेत आणि नवे भांडे आणावे, हा आपल्या घरांतील जुना रिवाज. धातू तोच राहतो, आकार तेवढा जातो. परंतु त्या आकाराबरोबर एका पिढीची राहणीही वितळून जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चीनमध्ये हे भान फार पूर्वी आले. शांग व चौ राजवटींत पितरांना मद्य आणि अन्न अर्पण करण्यासाठी कांस्याची पात्रे ओतली जात. पात्र कोणी व कोणासाठी घडविले, हे सांगणारा लेख पुष्कळदा त्याच्या आतच असे. पुत्रपौत्रांनी ते निरंतर जतन करून वापरावे, अशी इच्छाही त्यात अनेकदा व्यक्त केलेली असे. कित्येक शतकांनी भूमीतून निघालेली ही पात्रे सुंग काळातील विद्वानांनी जमविली. ल्यू दालिन या पंडिताने इ. स. १०९२ मध्ये दोनशेहून अधिक वस्तूंची चित्रे, मापे, वजने आणि लेख एका ग्रंथात नोंदविले. पुढे सम्राट ह्वेइझोंग याच्या संग्रहातील आठशेहून अधिक पात्रांची सूची झाली. ११२७ मध्ये त्याची राजधानी शत्रूच्या हाती पडली आणि संग्रहाची वाताहत झाली. सूची मात्र उरली.

भांड्यावर नाव घालण्याची चाल आपल्याकडेही आहे. लग्नात दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचे नाव हमखास असते. तरीही घरगुती भांडे संग्रहाला योग्य मानण्याची दृष्टी येथे उशिरा आली. ती पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांना लाभली. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांनी राजमुकुट शोधले नाहीत. समया, अडकित्ते, दौती, वज्र्या आणि स्वयंपाकघरातील भांडी शोधली. गावोगावच्या या भटकंतीत पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकर १९९० मध्ये निवर्तले.

संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या अकाली गेलेल्या राजा या मुलाचे. चिनी पात्रांवरील लेख आपल्या वंशजांना साद घालतात. येथे पुत्र गमावलेल्या पित्याने लोकांच्या घरची भांडी वेचली आणि ती लोकांच्याच मुलानातवंडांसाठी ठेवली.