बँटमचं पिल्लू: नर की तलंग?

गिरगाव-लालबागच्या चाळीत हौसेने बँटमची पिल्लं आणली आणि त्यात कोंबडा निघाला, तर पहाटे आरवताच शेजारी दारात! एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून नर-मादी ओळखायची पद्धत १९२०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी काढली. पण बँटमचं पिल्लू एवढंसं, नवख्याने दाबलं तर जीवच जायचा. पाय धरून उलटं टांगणं, दोऱ्यात सुई फिरवणं, हे सगळं थोतांड. ६ आठवड्यांच्या सुमारास तुरा बघा. भावंडांच्या आधी लाल आणि मोठा झाला तर बहुधा नर. १२ आठवड्यांच्या आसपास कमरेवर लांब, टोकदार पिसं आली की पक्कं. सेब्राइट बँटममध्ये मात्र नराची पिसंही मादीसारखीच गोल असतात, तिथे तुऱ्यावरच भिस्त.