नेवाळी

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील गाव. कल्याणच्या दक्षिणेस, कल्याण-मलंगगड रस्त्यावर. पूर्वेला अंबरनाथ, दक्षिणेला मलंगगडाचा डोंगर आणि मधला भातशेतीचा सपाट पट्टा. डोंगरपायथ्याशी एवढी सलग जमीन आणि शेजारी कल्याणसारखे रेल्वे जंक्शन, यामुळेच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची नजर या गावावर पडली. मार्च 1942 मध्ये रंगून पडले, एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले. मुंबई बंदरामागे सैन्याचा तळ हवा होता. कल्याणजवळ लष्करी छावणी वसली (तिचेच पुढे उल्हासनगर झाले) आणि नेवाळीच्या शेतांत धावपट्टी आली.

इथे लढाई झाली नाही, मग युद्धाचा इतिहास कसला, असा आक्षेप घेता येईल. नॉर्मंडीतल्या खेड्यांप्रमाणे इथे उद्ध्वस्त चर्च नाही की सैनिकांची दफनभूमी नाही. पण युद्धाची झळ फक्त तोफगोळ्यांनी मोजायची तर वसाहतींमधली बहुतेक गावे इतिहासाबाहेरच राहतील. नेवाळीची झळ जमिनीच्या दप्तरात आहे. युद्ध संपल्यावर जमिनी परत मिळणार होत्या, असे परिसरातील शेतकरी सांगतात. जमीन रीतसर संपादित झाली आहे, असे आज तिचा ताबा असलेल्या नौदलाचे म्हणणे. भारत संरक्षण कायदा, 1939 खाली मालमत्ता तात्पुरती अधिग्रहित करता येई आणि कायमची संपादितही. स्वातंत्र्यानंतरच्या 1952 च्या कायद्यानेही परतीची आणि संपादनाची, दोन्ही वाटा ठेवल्या. त्यामुळे ‘युद्धासाठी घेतली’ एवढ्यावरून कोणाचाच दावा सिद्ध होत नाही. प्रत्येक सर्व्हे नंबरचा आदेश आणि भरपाईची नोंद पाहावी लागते.

संरक्षणाची गरज संपलेली नाही, हा नौदलाच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. पण आजची गरज तेव्हाच्या व्यवहाराचा पुरावा ठरत नाही. शेतकऱ्यांनी जमीन कसणे सोडले नव्हते, म्हणून कुंपणाचे काम सुरू होताच वाद पेटला. 22 जून 2017 रोजी रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी छऱ्यांचा मारा केला. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही संपादनाचा कागद दाखवण्याची पहिली जबाबदारी सरकारचीच आहे.